जानेवारीत १८०, मेमध्ये २२०: नागपुरात गोल्फचा बॉल असा का वागतो

प्रश्न नागपूरच्याच एका खेळाडूचा आहे. दोनेक वर्षांपासून खेळतात, हँडिकॅप (मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) २० च्या आसपास. ते विचारतात: "जानेवारीत सकाळी माझा ड्राइव्ह, म्हणजे होलचा पहिला लांब फटका, १८० यार्डांवर थांबतो. मे महिन्यात बॉल तोच, ड्रायव्हर तोच, आणि २२० यार्ड! पावसाळ्यात तर बॉल पडला तिथेच रुततो. उन्हाळ्यात ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) मात्र काही केल्या थांबत नाही, पार पलीकडे निघून जातो. ऋतूप्रमाणे बॉल बदलावा का? आणि महागडा बॉल घेतला तर माझ्यासारख्याला उपयोग होईल का?"

तुमच्या ४० यार्डांचा हिशेब आधी मांडतो, कारण उत्तर त्यातच आहे. त्यातले पाच-सहा यार्ड थंड हवेने आणि थंड रबराने खाल्ले. उरलेले सगळे जमिनीचे. जानेवारीत बॉल टेकल्यावर दहाएक यार्ड घरंगळतो, मेमध्ये चाळीस-पंचेचाळीस. म्हणजे तुमचा फटका दोन्ही महिन्यांत जवळपास सारखाच आहे, बदलते ती पायाखालची माती. म्हणून बॉल घेताना डब्यावर अंतराबद्दल काय लिहिलंय ते सोडा. टेकल्यावर तो काय करतो ते बघा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो, आणि आपल्या नागपुरात तर ते दुप्पट खरं आहे.

डब्यावरच्या दाव्यात दम का नसतो, ते समजून घ्या. गोल्फचे नियम आर अँड ए आणि यूएसजीए या दोन संस्था ठरवतात. बॉलचं वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. शिवाय यंत्राने ठरावीक वेगाने मारल्यावर बॉल किती वेगाने सुटावा आणि एकूण किती लांब जावा, यालाही मर्यादा आहे. प्रत्येक मोठी कंपनी त्या मर्यादेला खेटूनच बॉल बनवते. त्यामुळे नियमात बसणारे दोन चांगले बॉल तुमच्या वेगाने ड्रायव्हरने मारले, तर हवेतल्या अंतराचा फरक चार-पाच यार्डांच्या पलीकडे क्वचितच जातो. फटका मधोमध बसला नाही तर त्याच्या कितीतरी पट यार्ड जातात. जुन्या खेळाडूंना ४१.१५ मिलिमीटरचा लहान ब्रिटिश बॉल आठवत असेल. तो वाऱ्यात जास्त लांब जायचा, पण १९९० पासून नियमांतून गेला. आता तशी पळवाटही उरलेली नाही.

आता फटक्याच्या क्षणी काय होतं ते बघू. क्लबचं (मारायच्या काठीचं) पातं आणि बॉल एकमेकांना टेकलेले असतात ते जेमतेम अर्धा मिलिसेकंद. तेवढ्या वेळात ४६ ग्रॅमचा थांबलेला बॉल ताशी १९० किलोमीटरच्या आसपास वेग घेतो (ड्राइव्ह हवेत १७० यार्ड जातो, त्यावरून तुमचा अंदाज बांधतोय). एवढ्या थोड्या वेळात एवढा वेग द्यायचा म्हणजे सरासरी अर्धा टन वजनाइतका जोर लागतो. बॉल चपटा होतो, पुन्हा फुगतो आणि सुटतो. हे चपटं होणं आणि फुगणं आतल्या गाभ्याचं काम. गाभा पॉलिब्यूटाडाइन नावाच्या कृत्रिम रबराचा असतो. बाहेरचं कवच दोन जातींचं: एक आयोनोमरचं, टणक आणि टिकाऊ, ज्याला खेळाडू सरलिन म्हणतात, दुसरं युरेथेनचं, मऊ आणि पकड घेणारं. साध्या टू-पीस बॉलमध्ये गाभा आणि आयोनोमरचं कवच एवढंच असतं. महागड्या बॉलमध्ये मधे एक-दोन थर आणि वर युरेथेन. हे कवच पुढे फार महत्त्वाचं ठरणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

दुकानात तुम्हाला 'कॉम्प्रेशन'बद्दल, म्हणजे बॉल किती दबतो त्याबद्दल, बरंच ऐकवतील: स्विंग हळू असेल तर मऊ बॉल घ्या, नाहीतर बॉल दबणारच नाही, वगैरे. ड्रायव्हरच्या फटक्याखाली प्रत्येकाचा बॉल दबतो, तुमचाही. मऊ बॉल हाताला बरा लागतो, पटरवर (ग्रीनवर बॉल लोळवायच्या क्लबवर) आवाज हलका येतो. तुम्हाला तो आवडत असेल तर जरूर घ्या. पण त्याने अंतर वाढेल या आशेने घेऊ नका.

हवेत बॉलला दोन गोष्टी सांभाळतात, डिंपल (बॉलवरच्या खळ्या) आणि स्पिन (बॉलचं स्वतःभोवती फिरणं). गटापर्चाचे (झाडाच्या चिकापासून बनणाऱ्या रबरासारख्या पदार्थाचे) गुळगुळीत बॉल १८४८ च्या सुमारास आले, तेव्हा खेळाडूंच्या लक्षात आलं की वापरून खरचटलेला बॉल कोऱ्या बॉलपेक्षा सरळ आणि लांब उडतो. मग लोक मुद्दाम हातोडीने खुणा करू लागले. पुढे १९०५ मध्ये इंग्लंडमधल्या विल्यम टेलरने खोलगट डिंपलचं पेटंट घेतलं. आज बॉलवर साधारण ३०० ते ५०० डिंपल असतात. ते बॉलला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर घुसळून काढतात. असा घुसळलेला थर बॉलच्या पाठीमागपर्यंत चिकटून राहतो, त्यामुळे मागची खेचणारी पोकळी लहान होते आणि हवेचा विरोध जवळपास निम्म्यावर येतो. त्याच वेगाने मारलेला गुळगुळीत बॉल निम्म्या अंतरावरच पडेल.

स्पिनचं गणित एडिनबरोच्या पीटर गथ्री टेट या भौतिकशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात मांडलं. बॉल मागच्या बाजूला फिरत गेला तर त्याच्यावरची हवा वेगाने निघते, बॉल तिला खाली ढकलतो आणि स्वतः वर उचलला जातो. ड्रायव्हरने हा बॅकस्पिन मिनिटाला अडीच-तीन हजार फेऱ्यांच्या आसपास असतो. सात नंबरच्या आयर्नने (मधल्या अंतराच्या क्लबने) व्यावसायिक खेळाडू सात हजार गाठतात, पिचिंग वेजने (जवळच्या उंच फटक्याच्या क्लबने) नऊ हजारांच्या पुढे. बॉल उजवीकडे वळतो तो वेगळ्या 'साइड स्पिन'ने नाही. फिरण्याचा आस एका बाजूला कलतो, आणि जिकडे कलतो तिकडे बॉल ओढला जातो. तुमच्या प्रश्नात स्लाइसचा (बॉल असा उजवीकडे वळत जाण्याचा) उल्लेख नाही, पण २० हँडिकॅपला तो बहुधा असतोच. कमी स्पिनच्या टू-पीस बॉलने स्लाइस थोडा आखूड होतो, बरा होत नाही. त्याचं औषध पात्याच्या तोंडात आणि स्विंगच्या दिशेत आहे.

आता थंडीकडे येऊ. डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेसहाला तुम्ही टीवर (होलच्या सुरुवातीच्या जागी) उभे असता तेव्हा पारा दहा-बारा अंशांवर असतो. थंड हवा दाट असते, बॉलला जास्त अडवते. मे महिन्यात पंचेचाळीस अंश असतात हे खरं, पण पंचेचाळीस अंशात खेळतं कोण? नवतप्यात (मेअखेरच्या सगळ्यांत तापत्या नऊ दिवसांत) आपण सगळे पहाटे साडेपाचला सुरुवात करून नऊच्या आत घरी कूलरसमोर असतो. त्या वेळी तापमान तीसच्या आसपास असतं. म्हणजे खेळाच्या वेळेचा खरा फरक अठरा-वीस अंशांचा, आणि तेवढ्याने हवेची घनता साधारण सहा टक्के बदलते. तुमच्या ड्राइव्हवर त्याचा परिणाम तीनेक यार्ड. थंड रबर पूर्ण ताकदीने उसळत नाही, त्याचे आणखी दोन-तीन यार्ड. झाले पाच-सहा.

यातला रबराचा भाग थोडा तुमच्या हातात आहे. हिवाळ्यात किट रात्रभर गाडीच्या डिकीत ठेवू नका, घरात ठेवा. बॉल थंड पडायला वेळ लागतो आणि पुन्हा गरम व्हायलाही तितकाच लागतो, कारण रबर उष्णता हळू सोडतं आणि हळूच घेतं. मात्र खेळताना बॉल मुद्दाम गरम करणं नियमात बसत नाही. नियम ४.२ प्रमाणे बॉल तापवून, घासून किंवा काही लावून त्याचे गुण बदलले आणि तो मारला, तर खेळाडू बाद होतो. उन्हाळ्यात उलटी काळजी घ्या. आपल्याकडे बंद गाडीची डिकी दुपारी भट्टीसारखी तापते. एखाद्या दिवसाने काही बिघडत नाही, पण बॉल महिनोन् महिने तिथे राहू देऊ नका.

समुद्रसपाटीपासून उंचीबद्दल बरेच लोक विचारतात. नागपूर साधारण ३१० मीटरवर आहे. मुंबईच्या मानाने इथे हवा तीन टक्के विरळ, म्हणजे ड्राइव्हला जेमतेम एक-दोन यार्ड. गुलमर्गला साडेसव्वीसशे मीटरवर खेळाल तेव्हा उंचीचा हिशेब मनात धरा, इथे विसरून जा.

आर्द्रतेचा गैरसमज मात्र फार पक्का बसलेला आहे. "पावसाळ्यात हवा जड असते, बॉल जात नाही," हे मी मुरलेल्या खेळाडूंकडूनही ऐकतो. वस्तुस्थिती उलट आहे. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी: वाफेच्या रेणूचं वजन १८, कोरड्या हवेचं सरासरी २९. दमट हवेत बॉल उलट किंचित जास्त जायला हवा, जरी तो फरक यार्डभराचाही नसतो. जुलैत तुमचे यार्ड जातात ते ओल्या पात्यात, ओल्या गवतात आणि चिखलात. हवेला उगाच दोष देऊ नका.

वाऱ्याचं मात्र लक्ष ठेवा. उन्हाळ्यात सकाळी आठ-साडेआठनंतर पश्चिमेकडून गरम वारा सुरू होतो, आणि शेवटच्या चार-पाच होलवर तो खेळ बदलून टाकतो. समोरचा वारा जेवढं घेतो तेवढं पाठीमागचा देत नाही. ढोबळ हिशेब असा: ताशी दहा मैलांचा समोरचा वारा दहाएक टक्के अंतर खातो, तोच पाठीमागून असेल तर पाचेक टक्के देतो. समोरच्या वाऱ्यात लोक जोरात मारतात. जोरात मारलं की स्पिन वाढतो, बॉल वर चढतो आणि तिथेच लटकून खाली येतो. एक-दोन नंबर मोठा (जास्त लांब मारणारा) क्लब घ्या, उभे राहताना बॉल थोडा मागच्या पायाकडे ठेवा आणि शांतपणे मारा.

आता जमीन. इथे मी जरा थांबणार आहे, कारण आपल्या भागात बॉलचं भवितव्य इथेच ठरतं.

नागपूर परिसरात मैदानांखाली दोन प्रकारची जमीन सापडते. सखल भागात काळी, भारी, कपाशीची माती. चढावर, टेकड्यांच्या अंगाला मुरूम आणि बरड. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. एप्रिल-मेमध्ये तिला भेगा पडतात आणि वरचा थर दगडासारखा कडक होतो. फेअरवेला (टीपासून ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याला) रोज पाणी मिळत नसेल तर हरळी पिवळी पडून जमिनीला चिकटते. त्यावर ड्राइव्ह पस्तीस-चाळीस अंशांच्या कोनातून उतरतो, त्याचा पुढचा वेग फारसा मरत नाही, आणि बॉल तीन-चार टप्पे घेत निघून जातो. तुमच्या चाळीस यार्डांतला मोठा भाग हाच. पण तो नेहमी सरळच निघेल असं नाही. एक टप्पा भेगेच्या कडेला किंवा मुरमाच्या उंचवट्यावर पडला की बॉल काटकोनात वळून रफमध्ये (कडेच्या उंच गवतात) जातो. म्हणून मे महिन्यात फेअरवेची रुंदी बॉल जिथे थांबतो तिथे मोजा. तो जिथे उतरतो तिथे नको. होल डावीकडे उतरता असेल तर बॉल उजव्या काठावर उतरवा.

जून सरता सरता सगळं पालटतं. भेगा मिटतात, माती फुगते, आणि ऑगस्टपर्यंत भारी जमिनीवर बॉल आपल्याच खळीत रुतून बसतो. असा रुतलेला बॉल ग्रीन, बंकर (वाळूचे खड्डे) आणि पेनल्टी एरिया (पाण्याचे वगैरे खुणा केलेले भाग) वगळता बाकी मैदानात, म्हणजे रफमध्येसुद्धा, दंडाविना उचलता येतो, फक्त तो वाळूत असू नये आणि त्याचा काही भाग जमिनीच्या पातळीखाली गेलेला असावा. नियम १६.३. पुष्कळ जणांना हा नियम फेअरवेपुरताच वाटतो आणि ते रफमध्ये विनाकारण फटका वाया घालवतात. मुरमाच्या चढावर मात्र पावसाळ्यातही बॉल बऱ्यापैकी पळतो, कारण पाणी निथळून जातं. एकाच राउंडमध्ये तीन होल कडक आणि पुढचे दोन दलदलीचे, हे आपल्याकडे नेहमीचं. आपलं मैदान कुठे काळं आणि कुठे मुरमाड आहे हे माहीत असलेला कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारा सोबती) दहा यार्ड जास्त जाणाऱ्या बॉलपेक्षा मोलाचा आहे. त्याचं ऐका.

खेळायला सगळ्यांत सुंदर काळ म्हणजे ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबर. जमीन वाफशावर येते, हरळी दाट असते, टप्पा खरा पडतो. बॉलची परीक्षा घ्यायची तर त्याच दिवसांत घ्या.

आता तुमचं ग्रीनवरचं दुखणं: मेमध्ये बॉल पलीकडे निघून जातो. बॉल ग्रीनवर थांबायला दोन गोष्टी लागतात, उतरण्याचा उभा कोन आणि स्पिन. कोन तुमच्या क्लबच्या लॉफ्टवर (पात्याच्या तिरकेपणावर) आणि बॉल किती उंच गेला त्यावर ठरतो. पंचेचाळीस अंशांपेक्षा आडवा उतरलेला बॉल कडक ग्रीनवर कोणत्याही कंपनीचा असला तरी धावणारच. तुमचा पाच आयर्न किंवा हायब्रिड (लांब आयर्नच्या जागी वापरायचा क्लब) तसाच उतरत असणार. त्यावर बॉल बदलून इलाज नाही. इलाज म्हणजे ग्रीनच्या पंधरा-वीस यार्ड अलीकडे उतरवून बॉलला घरंगळत चढू देणं. समोर बंकर असेल तर ग्रीनच्या ज्या बाजूला मोकळं तोंड आहे तिकडे खेळा. ध्वजाचा हट्ट सोडा.

स्पिनची गोष्ट वेगळी, आणि युरेथेनचं कवच आपली किंमत वसूल करतं ते इथे. ड्रायव्हरच्या जोरदार फटक्यात गाभ्याचं राज्य असतं, कवचाचा फारसा प्रश्न येत नाही. चाळीस यार्डांच्या वेजच्या फटक्यात मात्र गाभा फारसा दबतच नाही. तिथे पात्याच्या खाचा आणि कवच यांची पकड सगळं ठरवते. मऊ युरेथेन खाचांत शिरतं आणि फिरतं. टणक आयोनोमर पात्यावरून वर घसरतं, म्हणून थोडं उंच आणि कमी फिरत निघतं. त्याच फटक्यावर एक बॉल दुसऱ्या टप्प्याला अडखळून थांबतो, दुसरा आठ-दहा पावलं पुढे जातो. हे अंतर कापायला पटरने दोन फटके लागतात, आणि स्कोअर तिथेच बिघडतो.

पण ही पकड मिळायची तर बॉल आणि पातं यांच्यामध्ये काही येता कामा नये. जानेवारीत हरळी थंडीने मंदावते, विरळ होते, बॉल जवळपास उघड्या मातीवर बसतो. असा बॉल नेमका मारता आला तर स्पिन भरपूर मिळतो, चुकला तर पातं जमिनीत. ऑगस्टमध्ये गवत रसाळ आणि उंच असतं. पात्याआधी ते गवत आणि त्यातलं पाणी बॉलला भिडतं, खाचा भरतात, स्पिन मरतो. मग सात आयर्नचा बॉल कधी कधी अपेक्षेपेक्षा पंधरा यार्ड लांब उडतो आणि ग्रीनवर थांबत नाही. अशा वेळी महागडं कवचही फारसं मदतीला येत नाही. टॉवेल कोरडा ठेवा, प्रत्येक फटक्याआधी पातं पुसा, खाचांतली माती टी पेगने काढा. या दोन मिनिटांच्या कामाने मिळणारा स्पिन कोणत्याही दुकानात मिळत नाही.

काळ्या मातीचा आणखी एक खास त्रास म्हणजे ती चिकटते. पाऊस थांबून दोन दिवस झाले की ती सगळ्यांत चिवट असते, आणि फेअरवेवरच्या बॉलला ढेकूळ लागतं. माती ज्या बाजूला असेल त्याच्या उलट दिशेला बॉल जातो. डाव्या बाजूला माती असेल तर उजवीकडे, उजव्या बाजूला असेल तर डावीकडे. क्लबने बॉल उचलून ठेवायची आणि पुसायची स्थानिक सवलत जाहीर केलेली नसेल, तर तो पुसता येत नाही. ग्रीनवर गेल्यावर खूण ठेवून पुसता येतो. अशा बॉलला एक नंबर मोठा क्लब घेऊन तीन-चतुर्थांश स्विंगने मारा. वेग आणि स्पिन कमी, म्हणजे भरकटणंही कमी. आणि ग्रीनच्या मध्यावर नेम धरा.

पटिंगबद्दल थोडक्यात. पटरने मारल्यावर बॉल आधी थोडा घसरतो, मग लोळायला लागतो. ओलं ग्रीन असेल, हिवाळ्यात दंव असेल, तर तो लवकर थकतो. सकाळी पहिल्या तीन-चार होलवर थोडं जोरात मारा आणि दंव उडालं की लगेच हात आवरा. हरळीच्या ग्रीनवर गवताचा कल बघायची सवय लावा. तुमच्याकडून होलकडे बघताना गवत चमकत असेल तर ते तुमच्यापासून दूर झुकलेलं आहे, पट वेगाने जाईल. काळपट दिसत असेल तर उलट. बॉलच्या कवचाचा पटिंगमध्ये आवाज आणि हाताला लागणं याखेरीज फारसा संबंध नाही. आणि ज्या मैदानांवर अजून गवताऐवजी वाळूचे 'ब्राउन्स' आहेत तिथे युरेथेनचा बॉल घेऊन जाऊच नका. वाळू ते मऊ कवच खरवडून काढते.

आता तुमच्या दोन प्रश्नांची सरळ उत्तरं. ऋतूप्रमाणे बॉल बदलू नका. वर्षभर एकाच प्रकारचा बॉल खेळा. बदलायचं ते उतरण्याचं ठिकाण आणि क्लब. एका होलला सापडलेला, दुसऱ्याला मित्राने दिलेला, तिसऱ्याला कोरा असं खेळत राहिलात, तर चिप (ग्रीनच्या काठावरचा छोटा फटका) किती पळेल याचा अंदाज हाताला कधीच येणार नाही. मला विचाराल तर २० हँडिकॅपच्या खेळाडूचं सगळ्यांत जास्त नुकसान यानेच होतं, आणि ते टाळायला पैसे लागत नाहीत.

महागडा की साधा, हे ठरवायला तुमचं स्कोअरकार्ड काढा. एका राउंडला तीन-चार बॉल हरवत असतील तर दुपटीहून जास्त किंमत मोजण्यात अर्थ नाही. चांगल्या कंपनीचा टू-पीस आयोनोमर घ्या. तुम्हाला उन्हाळ्यात असंही जमिनीवरून खेळायचं आहे, आणि त्या खेळात तो बॉल अगदी विश्वासू आहे: कमी फिरतो, दर वेळी सारखाच पळतो. राउंडला एखादाच बॉल जायला लागला आणि ग्रीनच्या पन्नास यार्ड आतून तुम्ही बॉलला स्वच्छ मारू लागलात, की युरेथेनकडे वळा. त्या दिवसापासून तो बॉल खरोखर फटके वाचवेल. व्यावसायिकांचा बॉल म्हणून आधीच घेतला तर त्याचा गुण प्रकट व्हायच्या आत तो पाण्यात गेलेला असेल.

निवड करताना परीक्षा ग्रीनपासून सुरू करून मागे या. दोन-तीन प्रकारचे तीन-तीन बॉल आणा. आधी ग्रीनच्या काठावरून दहा-पंधरा यार्डांची चिप, प्रत्येक बॉलने, एकाच जागेवर उतरवून. कोण किती पळतो ते बघा. मग चाळीस-पन्नास यार्डांचा पिच. मग सात आयर्न. ड्रायव्हर सर्वांत शेवटी, आणि तिथे फक्त एवढंच बघा की कोणता बॉल फार वाईट तर जात नाही ना. हे सगळं मैदानावर करा. सरावाच्या रेंजवरचे बॉल टिकावेत म्हणून बनवलेले असतात, बऱ्याचदा कमी उडणारे आणि झिजलेले, त्यांच्यावरून आपले यार्ड ठरवू नका.

शेवटी जुन्या बॉलबद्दल, कारण आपल्याकडे निम्मे लोक तेच खेळतात. रफमधून सापडलेला, डिंपल शाबूत असलेला बॉल बिनधास्त वापरा. तळ्यातून काढलेल्या बॉलबाबत सावध राहा. महिनोन् महिने पाण्यात राहिला तर कवचातून पाणी हळूहळू आत जातं आणि गाभ्याची उसळी कमी होते, आणि बाहेरून ते दिसत नाही. पुन्हा रंगवून चकचकीत केलेले बॉल मी घेऊ देत नाही, कारण रंगाचा थर डिंपल उथळ करतो. डिंपलची खोली मुळात पाव मिलिमीटरच्या आसपास, त्यात रंगाचा जाडसर हात बसला तर उड्डाण बिघडायला तेवढं पुरतं. मुरमावर, दगडावर आपटून खरचटलेला बॉल स्पर्धेत होलच्या मध्ये बदलता येत नाही. नियम फक्त चिरलेल्या किंवा तडकलेल्या बॉललाच तशी मुभा देतो. तो होल त्याच बॉलने संपवा, पुढच्या टीवर नवा घ्या, आणि खरचटलेला सरावाच्या पिशवीत टाका. चिपिंगला तो अजून चांगला वर्षभर चालेल.